दर्भाचा कावळा

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. एरवी आमच्या लालबागच्या चाळीत कावळ्यांना काय तोटा? आई तांदूळ निवडायला बसली की मेले कठड्यावर पंगत धरून बसायचे. त्या दिवशी मात्र एकही फिरकला नाही. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती, कर्फ्यू लागला होता, समुद्रावर जाता येईना, म्हणून पिंड चाळीच्या गच्चीवरच ठेवले होते. त्यामुळेच मला, मुलीच्या जातीला, ते सगळं बघायला मिळालं.

बाबा हात जोडून म्हणाले, "पोरांची काळजी करू नको, मी आसंय." कावळा नाही. शेजारच्या मावशींनी पदर सावरून सांगितलं, "लेकीचं लगीन थाटात करू गो." तरीही नाही. ऊन चढलं तसे भटजी चुळबुळ करू लागले. शेवटी त्यांनी दर्भाच्या काड्या वळून एक कावळा केला, पिंडाला टेकवला आणि मोकळे झाले.

गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, एवढं त्या वयातही मला ठाऊक होतं. जिना उतरताना मी बाबांना विचारलं, "आईचं काय राहिलं?"

"ता माका म्हायत नाय गो," बाबा म्हणाले आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

दादा माझ्याहून बराच मोठा. चळवळीच्या घोषणा भिंतींवर रंगवायला जायचा, त्यामुळे त्याच्या नखांत कायम गेरू. तो मला म्हणाला, "तू रडू नको. तो दर्भाचा कावळा गेलाय आईला विचारायला." आणि सभेच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर त्याने चित्रांची गोष्ट काढायला घेतली. रंग दोनच, गेरू आणि कपड्यांची नीळ. परलोक तांबडा-निळा असतो अशी माझी अजूनही समजूत आहे.

गोष्टीतला कावळा काड्यांचा, म्हणून त्याला भूक नव्हती. पण वारा आला की एखादी काडी गळायची. वाटेत बंदुका घेऊन यमदूत उभे होते. कावळ्याला कर्फ्यू नसतो, तो वरून गेला. वैतरणी नदी आली, ती हुबेहूब भाऊच्या धक्क्यासारखी. आईला बोट लागायची, मालवणला जाताना ती सबंध प्रवासभर नाकाशी लिंबू धरून बसायची. दादाने तिला तशीच दाखवली, बोटीत, ट्रंकेवर बसलेली, हातात लिंबू. चित्रगुप्ताची कचेरी गिरणीतल्या टाइमकीपरच्या खोलीसारखी होती आणि तिच्यामागे नळ, नळावर बायकांची रांग.

"तिथेही नळावर रांग?" मी भांडले.

"मग आईला करमणार कसं?"

प्रत्येक चित्रात कावळा आईच्या जवळ पोचायचा आणि ती पुढे निघून गेलेली असायची. आई नेहमी पाठमोरी. अंबाडा, खोचलेला पदर, उजवीकडे किंचित कललेली चाल. मी म्हणायचे, तिला वळव ना. दादा म्हणायचा, "तोंड नीट जमत नाही गं." आमच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता.

कर्फ्यूच्या दिवसांत दादा घरातच अडकायचा, तेव्हा गोष्ट भराभर पुढे सरकायची. गॅलरीत मोठी माणसं काळजीने कुजबुजत असायची आणि मी मनातून खूश. पुढे दादा बदली कामगार म्हणून गिरणीत लागला. साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून आला की त्याला डोळे उघडे ठेवणं जड जायचं. गोष्ट रखडली. रखडू दे, असंही मला वाटायचं. कावळा आईपर्यंत पोचला की गोष्ट संपणार, हे मला कळत होतं.

राज्य मिळालं त्या दिवशी चाळभर पणत्या लागल्या, पेढे वाटले गेले. मी दादाच्या हातात पत्रक दिलं आणि म्हटलं, "आज सगळ्यांना हवं ते मिळालंय. मलाही दे." त्याने चित्र काढलं. उरल्यासुरल्या काड्यांचा कावळा कठड्यावर बसलाय. समोर आई, पाठमोरीच. तिच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा, आणि तो रिकामा.

"यात काय लिहू, मला नाही माहीत," दादा म्हणाला. "तू लिही."

तो फुगा मी किती वेळा भरला आणि खोडला याची गणती नाही. लहानपणी लिहिलं, 'मुलीची वेणी राहिली.' लग्न झाल्यावर लिहिलं, 'माहेरी जायचं राहिलं.' पहिल्या बाळंतपणात तर रागाने लिहिलं, 'थोडी झोप.' यातलं काहीही आईचं असू शकेल, आणि नसूही शकेल. खोडून खोडून तिथला कागद कांद्याच्या सालीएवढा पातळ झालाय.

गेल्या महिन्यात दादा गेला. दहाव्याला बाणगंगेवर त्याच्या मुलाने पिंड ठेवला, तो मागे सरायच्या आत कावळा शिवला. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, काही राहिलं नाही. मला मात्र दादाचा संतापच आला. काहीच राहिलं नव्हतं? आईला वळवायचंही नाही?

घरी आल्यावर मी लेकीला सांगून टाकलं, "माझ्या वेळी कावळ्याची वाट बघत उन्हात उभी राहू नको. दर्भ आणून ठेव."

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "का गं आई? तुझं काय राहिलंय?"

"आईला एकदा समोरून बघायचंय," मी म्हटलं.