काशिनाथची शिट्टीची पेटी

तिसरा तास चालू होता. आठवीच्या वर्गाला मी नादकाटा वाजवून दाखवत होतो, तेवढ्यात इद्रीसभाई खिडकीबाहेर येऊन उभे राहिले. इद्रीसभाई म्हणजे काशिनाथच्या कारखान्यातले जुने विणकर. उत्तरेकडून भिवंडीत आले आणि निम्मं आयुष्य लूमसमोर उभं राहून काढलं. त्यांनी मला हाक मारली नाही. लूमच्या गदारोळात वावरणारी माणसं लांबून हाक मारतच नाहीत, हाताने बोलतात. त्यांनी उजवी मूठ डाव्या तळहातावर ठेवली आणि तशीच ठेवून दिली. लूम बंद पडलं, असा त्या खुणेचा अर्थ. काशिनाथची कावीळ उलटली म्हणून चार दिवसांपूर्वीच त्याला ठाण्याला हलवलं होतं... कुणाचं लूम, हे विचारायची गरजच पडली नाही. नादकाटा माझ्या हातात तसाच वाजत राहिला.

त्याला आता पाच आठवडे झाले. चव्वेचाळीस हे काही जायचं वय नव्हे, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणतो. पण मला खरं जे सांगायचं आहे ते वयाबद्दल नाही. मी त्याच्याशी सात-आठ वर्षं एक खोटं बोलत होतो, त्याबद्दल आहे.

काशिनाथ मूळचा भिवंडीजवळच्या कोन गावचा. घरची भातशेती होती, पण त्याचं मन यंत्रात. विशीतच तो भिवंडीत लूमवर लागला आणि पुढे जॉबर झाला. जॉबर म्हणजे लूमचा वैद्य म्हणा ना. लूम अडलं की विणकर जॉबरला बोलावतो. काशिनाथला बोलवावं लागत नसे. सोळा लूम एकदम खडखडत असताना, दाराशी उभा राहून तो सांगायचा की नऊ नंबरचा धोटा नीट बसत नाही. लोकांना ती जादू वाटे. त्याला त्यात काही विशेष वाटत नसे. आमची ओळख झाली सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास, शाळेचा रेडिओ बिघडला तेव्हा. रेडिओ त्याने अर्ध्या तासात दुरुस्त केला आणि मग मला विचारलं, स्टेशन लावताना मधेच जी शिट्टी वाजते, ती का वाजते? मी विज्ञानाचा मास्तर. कुणी आपणहून प्रश्न विचारला की मला आवरत नाही. फळ्यावर आकृत्या काढून मी त्याला तासभर पिळला. तो सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत ऐकत होता. माझा फळा त्याने एकदाही पाहिला नाही, याचा मला थोडा रागही आला होता.

तीन आठवड्यांनी तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत मोडक्या रेडिओंतले सुटे भाग, बाहेर एक स्पीकर आणि एक मोठं काळं बटण. बटण फिरवलं की आतून शिट्टी येई, उजवीकडे नेलं की चढे, डावीकडे नेलं की उतरे. "मास्तर, रेडिओवाले हिला काढून टाकाया बघतात," तो म्हणाला, "मी हिलाच ठेवली, बाकी समदं काढलं." त्यानंतर आमचे शुक्रवार त्या डब्याचे झाले. शुक्रवारी लूम बंद असतात आणि भिवंडीला एरवी कधी न मिळणारी शांतता मिळते. शाळेची सकाळची वेळ संपली की दुपारी प्रयोगशाळा आमचीच. लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानातून तो टेपचं मोठं यंत्र मागून आणायचा. कारखान्यातला आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा हातभर तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवून त्याची माळ करायची आणि ती माळ सुताच्या रिकाम्या बॉबिनवरून फिरवायची. तोच खडखडाट पुन्हा पुन्हा. मी कंटाळायचो, त्याला मात्र त्यातून काहीतरी दिसत होतं. "दोन लूम कवा बी एका चालीनं चालत न्हाईत," तो सांगायचा. "एक जरा म्होरं जातं. जाता जाता मंग परत दुसऱ्याला गाठतं. तवा दोगांचा एकच ठोका पडतो. मी ड्युटीवर त्याचीच वाट बघतो." आता हे संगीत आहे का, असं मी त्याला मास्तरी आवाजात विचारलं होतं. तो म्हणाला, "म्हायत न्हाय. पन आयकावंसं वाटतं ना?"

हे सगळ्यांना ऐकवायचं हे त्याच्याच मनात आलं. गावातल्या वाचनालयाचं सभागृह एका शुक्रवारी दुपारी मिळालं. कार्यक्रमाला नाव काय द्यायचं यावर माझा खूप वेळ गेला आणि शेवटी पाटीवर नुसतं 'आवाज' असं लिहिलं. आठवडाभर ज्या आवाजाने डोकं उठतं तोच आवाज ऐकायला सुट्टीच्या दिवशी कोण येणार, अशी माझी खात्री होती. पण माणसं आली. पुढे सतरंजीवर विणकर आणि जॉबर, मागे बायका-पोरं, भिंतीला टेकून आमचे चार शिक्षक, चेहऱ्यावर नक्की काय भाव ठेवावा या विवंचनेत. टेपच्या दोन यंत्रांवर दोन लूम सुरू झाली. पहिली दोन मिनिटं हशा. मग इद्रीसभाई एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "अरे, ये तो अपना सात नंबर है." त्यानंतर कुणी हसलं नाही. एक ठोका दुसऱ्यापासून सुटत गेला, भरकटला, आणि बऱ्याच वेळाने दोन्ही पुन्हा एकत्र आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दहा-बारा माना एकदम हलल्या. माझ्या अंगावर काटा आला, हे आज कबूल करतो.

शेवटी पेटी. शिट्टी हळूहळू चढवत न्यायची आणि आवाज जिथे माणसाच्या कानाबाहेर जातो तिथे थांबायचं, मग सगळ्यांनी मिळून ती शांतता ऐकायची, असा त्याचा बेत होता. त्याने बटण फिरवत नेलं, एका जागी थांबवलं आणि डोळे मिटले. पण शांतता झालीच नव्हती. सुईसारखी बारीक, असह्य शिट्टी सभागृह भरून वाजत होती. मागे पोरांनी कानात बोटं घातली, एक तान्हं मूल रडायला लागलं, बायका पदर कानावर धरून उठू लागल्या. आणि पुढे... पुढे सगळे विणकर काशिनाथसारखेच शांत बसले होते, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची मान खाली. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. लूमने त्यांच्या कानातला वरचा भाग कधीच खाऊन टाकला होता, आणि काशिनाथच्याही. एका सभागृहात दोन कार्यक्रम चालले होते आणि ते दोन्ही फक्त मला दिसत होते. विजेचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते चांगली तीन मिनिटं दाबलं नाही.

"पोरं का उठून गेली?" त्याने नंतर विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की खरं सांगवेना. "भूक लागली असेल," मी म्हणालो. त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्याच शुक्रवारी त्याने बटणामागे पुठ्ठ्याची चकती बसवली. आवाज कुठे संपतो याची खूण करायची, दर वर्षी एकदा. त्याची लाल, माझी निळी. आधी तो स्वतःसाठी बटण फिरवून लाल रेघ ओढायचा. मग माझी पाळी. मी समोर हात वर करून बसायचं, शिट्टी ऐकू येईनाशी झाली की हात खाली. लाल रेघ मला दिसत होतीच. बटण तिच्या थोडं पुढे गेलं की मी हात खाली करायचो. कानात शिट्टी चालूच असायची. हात खाली केल्यावरही तो जरा वेळ बटण फिरवत राहायचा. मला वाटे, यंत्रवाल्याची सवय. लाल रेघ दर वर्षी खाली सरकली आणि तिच्या मागोमाग माझी निळीही इमानाने खाली आली. एकदा तो म्हणाला, "मास्तर, तू लूमवर न्हाईस, तुजा कान कशापायी उतरतो?" वय झालं, मी म्हणालो. "वयच आसंल," तो म्हणाला आणि रेघ ओढली.

मला हे दया वाटून केलेलं पुण्यकर्म वाटत होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र मन खाऊ लागलं. ज्याची भाकरी कानावर, त्याला कान चाललाय हे सांगायला नको? पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर त्याने रेडिओचं दुकान टाकलं असतं, आवाजातून बाहेर पडला असता, जे उरलं होतं ते तरी वाचलं असतं. पुढच्या शुक्रवारी सांगू, असं म्हणत राहिलो आणि शुक्रवार संपले.

दिवसकार्य झाल्यावर मी कोनला गेलो. त्याची बायको हिराबाई ओटीवर बसली होती. तिने डबा माझ्यापुढे ठेवला. न राहवून मी तिला सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "त्यांना म्हायत व्हतं, मास्तर."

"काय माहीत होतं?"

"तुमी हात खाली करता, पन कपालावरची आठी तशीच ऱ्हाते, आसं सांगायचे. आठी सुटली का आवाज संपला. लूमवरचा मानूस तोंड वाचतो. त्याच्याम्होरं कसं लपवनार? मी म्हनलं, मंग मास्तरांना तसं सांगा की. तर म्हनले, नको, त्याला वाईट वाटंल. मी म्हनलं, काम तरी सोडा. तर म्हनले, दोन लूम एका ठोक्यावर येतात ते अजून आयकू येतं, तवर ऱ्हातो."

घरी येऊन मी बटणाचा स्क्रू काढला. लाल-निळ्या रेघांच्या चकतीखाली दुसरी एक चकती होती. तिच्यावर साध्या पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, वर्षाला एक, पहिल्या वर्षापासून. सगळ्या जवळजवळ एकाच जागी, माझ्या निळ्या रेघांच्या कितीतरी वर. म्हणजे पहिल्या शुक्रवारीच त्याला सगळं कळलं होतं, आणि मी त्याला सांभाळतो आहे या माझ्या समजुतीला तो इतकी वर्षं सांभाळत होता.

परवा शुक्रवार होता. लूम बंद होती. त्याच्या फुल्या वरच्या चकतीवर उतरवून घेऊन प्रयोगशाळेत मी पेटी लावली आणि समोर आरसा ठेवला. एका हाताने बटण फिरवत होतो, दुसरा वर धरला होता. लाल रेघा गेल्या, निळ्या गेल्या, हात अवघडला, शिट्टी बारीक होत गेली. मग आरशातल्या कपाळावरची आठी सुटली. बटण बरोबर त्याच्या फुल्यांवर होतं. या खेपेला मी हात आवाज संपल्यावरच खाली केला.