नव्या गाडीच्या पोटातली जुनी गाडी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, पण मुळशी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात असताना आलेलं त्या पांढऱ्या गाडीचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही. त्यात माझीही चूक आहे, म्हणून असेल.

सकाळची हजेरी चालू होती. जांबे गावची एक साठीची बाई आली. नवरा एसटीत ड्रायव्हर. उभा महाराष्ट्र त्यानं पालथा घातला, पण पाहिले ते फक्त स्टँड. मुक्कामी उतरायचं, कँटीनचा चहा प्यायचा, झोपायचं आणि पहाटे गाडी माघारी आणायची. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन निवांत हिंडायचं त्यानं ठरवलं आणि अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. बसून लांबचा प्रवास जमेना. मग बाईनं थोडी जमीन विकून पलंग, ओटा, संडास असलेली फिरत्या घराची गाडी घेतली. नवी कोरी. मुलगी हिंजवडीत नोकरीला, ती चालवणार होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, कुठं न्यायचं असेल तर याच हिवाळ्यात न्या.

आणि दोन महिन्यांत छत गळायला लागलं. प्लाय फुगला, पलंगाचे स्क्रू हातात आले. विकणारा म्हणत होता, तुम्हाला वापरता आली नाही. ठाणे अंमलदारानं बाईला ग्राहक मंचाचा रस्ता दाखवला. मीही तेच सांगणार होतो. गाडी बाहेरच उभी होती, म्हणून सहज आत डोकावलो. ओल्या लाकडाचा कुबट वास आला. मग क्लचचं पेडल दिसलं. रबर झिजून पार गुळगुळीत. दोन महिन्यांत एवढं झिजायला गाडी काय चोवीस तास पळत होती? हवालदाराला चासी नंबर घासून बघायला सांगितला. दोन आकडे वाकडे निघाले, म्हणजे नंबर मागाहून ठोकलेला.

गुन्हा दाखल केला, गाडी मुद्देमाल म्हणून जप्त केली. बाईचं लक्ष आवारातल्या जप्त गाड्यांच्या रांगेकडं गेलं. काहींवर वेल चढले होते, एकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"साहेब, आमची बी हितंच लावणार?"

मी म्हटलं, मावशी, कायदा आहे.

"कायद्याकडं लई वेळ हाय. आमच्या मालकांकडं न्हाई."

मी चिडलो, कारण ती खरं बोलत होती.

विकणाऱ्याला बोलावलं. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, मी कागदपत्रं बघूनच माल घेतो, बॉडीचं काम बाहेरून करून घेतो, फसवलं असेल तर मिस्त्र्यानं. त्याच दिवशी माझ्या खबऱ्यानं खबर आणली. बाजारपेठेतला एक जुना मिस्त्री, ज्याला सगळे चाचा म्हणत, त्यानं जप्तीआधी ती गाडी एका गॅरेजमध्ये खालून पाहिली होती आणि चहाच्या टपरीवर बोलला होता की, हिचा तळ माझ्या हातचा आहे.

झालं! मला वाटलं, चोर सापडला. चाचांना उचलून आणलं आणि दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. सत्तरीचा माणूस, पाणीसुद्धा विचारलं नाही. मग आवाज चढवला, नको ते बोललो. कुणी किती दिले, नंबर कुणी ठोकला, एकच सरबत्ती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "खालचं काम माझं हाय, साहेब. वरचं न्हाई. तसलं काम मी केलं असतं तर दुकानच बंद केलं असतं."

गप्प बसले असते तर सुटले असते. पण आपलं चांगलं काम दुसऱ्याच्या भिकार कामाखाली दडपलेलं त्यांना सहन होईना. त्यांनीच पंचांसमोर प्लाय उचकटायला लावला. तीन फळ्या निघाल्या आणि खाली स्ट्रेचर सरकवायच्या पट्ट्या दिसल्या. ती जुनी रुग्णवाहिका होती! एका संस्थेसाठी तिचा तळ चाचांनी पंधरा वर्षांपूर्वी बनवला होता. पत्रा खणखणीत, एक वेल्डिंग सुटलेलं नाही. संस्थेनं ती लिलावात विकली होती. लिलावाच्या कागदांवर मूळ चासी नंबर मिळाला, घेणाऱ्याचं नाव मिळालं. तो आमचा गोड बोलणारा माणूसच. अपघातात चुराडा झालेल्या नव्या गाडीचे कागद आणि नंबर त्यानं हिला चिकटवले होते. संध्याकाळपर्यंत कबूल झाला.

चाचांची मी माफी मागितली. ठाण्यात, सगळ्यांसमोर. मला लाज वाटत होती आणि ती लपवावी असंही वाटलं नाही.

मग गाडी सोडवायच्या मागे लागलो. पंचनामा पुरा केला, आतले-बाहेरचे फोटो काढले, चासी नंबर तपासणाऱ्या लॅबकडं आठवण पाठवून पाठवून त्यांना वैताग आणला. कोर्टात अहवाल मी स्वतः लिहून दिला. गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, बाईच्या ताब्यात मिळाली. दुरुस्तीची आणि मूळ नंबरावर नोंदणीची परवानगीही मिळाली. आरोपीचा वकील तडजोडीला आला होता. ही ठेवून घेतो, दुसरी नवी देतो म्हणाला. बाई म्हणाली, "हिची हाडं मी उघडून बघितल्यात. नव्याच्या पोटात काय हाय, कुणाला ठावं?"

चाचांनी आतलं सगळं नव्यानं बांधलं. थंडी सरायला महिना राहिला असताना त्या नवरा-बायकोची गाडी कोकणाकडं निघाली. मी निरोप द्यायला गेलो होतो. नवरा पलंगावर आडवा, खिडकीतून बाहेर बघत होता. बायको पाणी भरायला उतरली, तसा त्यानं मला जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. म्हणाला, गाडी जुनी हाय ते मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं, आवाजावरनं.

मी उडालोच. विचारलं, मग बोलला का नाहीत?

"ती लई खुश व्हती, साहेब."

तीस वर्षं मी समोरचा माणूस गप्प बसला की काहीतरी लपवतोय, असंच धरून चाललो. त्या गप्प बसण्यात कधी कधी मायाही असते, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं, तेही आरोपीकडून नाही, तर ज्याची फसवणूक झाली त्याच्याकडून. बाई पाण्याची कळशी घेऊन आली. मी तिला काहीच सांगितलं नाही.