मार्थामावशींचं देवाशी भांडण

मार्थामावशी देवाशी भांडायच्या. तेही मधल्या भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने. लग्न होऊन देवळीत आले तेव्हा पहिल्याच डिसेंबरात मी घाबरून सासूबाईंना विचारलं, "शेजारी कोणाला झापताहेत?" सासूबाई फोडणी देत म्हणाल्या, "देवाले. नाताळ जवळ आला का तिले लेकरू पाहिजे असते."

मावशी तेव्हा पंचावन्नच्या पुढे होत्या. नाताळाआधीच्या आगमनकाळात चर्चमध्ये म्हाताऱ्या अलीशिबेला मूल झाल्याचा उतारा वाचला जाई. घरी येऊन मावशी सुरू होत, "बायबलातल्या त्या सारेले नव्वदीत लेकरू देल्लं, अलीशिबेले देल्लं. माहा नंबर काऊन येऊन नाई राह्यला?" त्यांचे यजमान सॅम्युएलकाका एरवी प्रत्येक प्रार्थनेला खणखणीत 'आमेन' म्हणत, या ठिकाणी मात्र ते खोकू लागत.

"आमेन म्हना ना वो!"

"म्हनतो. पण त्यानं खरंच ऐकलं त लेकराच्या मांगं धावन कोण? माहे गुडघे त पाह्य!"

पुढे बरीच वर्षं माझीही कूस उजवली नाही. नवस झाले, उपास झाले, सावंगीच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या. एका आगमनात मावशी म्हणाल्या, "चाल व माह्यासंगं. तुह्या देवाले राग नाई येत." गेले. नेमके त्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे उपदेशक आलेले. ते हात आपटून म्हणाले, "प्रार्थना निष्फळ जाते, कारण आपला विश्वास कमी पडतो!" माझी मान खाली गेली. शेजारी बाक करकरलं. मावशी उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, तुमी केसासाठी कधी प्रार्थना केली काय?"

उपदेशकांचा हात नकळत टकलावर गेला. "केली होती... तरुणपणी."

"मंग? विश्वास कमी पडला?"

पेटीवाला हसू दाबायला गेला आणि पेटीतून भलताच सूर निघाला. मग अख्खं चर्च हसलं. उपदेशक भले गृहस्थ होते. तेही हसले, आणि उरलेला उपदेश त्यांनी फार हळू आवाजात केला.

परतताना मी विचारलं, "मावशी, देव ऐकतो तरी का?"

"ते त्याले माहीत. मी इतकी भांडली त्याच्याशी, पण 'तुह्यातच खोट हाय' असं तो एकदाबी बोलला नाई. ते मानसंच बोलतात." मग म्हणाल्या, "रडावं वाटलं त माह्याकडं येजो. कांदे कापाले बसू. कोनाले समजनार नाई."

त्या कांद्यांची भजी आम्ही पुष्कळदा खाल्ली. मूल ना त्यांना झालं, ना मला.

गेल्या आगमनात छातीत दुखू लागलं म्हणून मावशींना दवाखान्यात भरती केलं, आणि नाताळ यायच्या आधीच त्या गेल्या. मी शेवटचं भेटले तेव्हा काका त्यांचा हात धरून बसले होते. एक कोवळी नर्स नाडी बघता बघता सहज म्हणाली, "आजी, लेकरं किती तुम्हाला?"

पंचाहत्तरीच्या मावशींनी डोळे उघडले.

"अजून नाई झाले, पोरी."

नर्स गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. काकांना आणि मला हसू आवरेना. मावशींनी दोघांकडे रागाने पाहिलं.

"हसता काऊन? खरं तेच त सांगतलं."