तेरा सेकंदांची चाल

सुभद्राबाई कासारे एकतीस वर्षं हॉस्पिटलात आया होत्या. तिथे त्यांना नावाने हाक अशी कुणी मारलीच नाही. "मावशी, बेडपॅन." "मावशी, स्ट्रेचर." आणि मोठे डॉक्टर राउंडला आले की, "चला मावशी, चला." त्या हाकेला आधी पाय निघायचे, मावशी मागून. निवृत्तीला सात वर्षं झाली. गुडघे गेले, साखर आली. पायांची ती सवय मात्र तशीच राहिली होती, हे मंगळवारी कळलं.

करी रोडला त्यांच्या चाळीसमोर चौक आहे. तिथला सिग्नल बसवला तेव्हा रस्ता आताच्या निम्मा होता. मग टॉवर आले, रस्ता सहा पदरी झाला, पण पायी ओलांडणाऱ्यांना चौदा सेकंद मिळायचे ते चौदाच राहिले. शेजारच्या खोलीतल्या शैला घाडी मागच्या वर्षी मध्येच अडकल्या आणि मोटारसायकलच्या धक्क्याने खुबा मोडून बसल्या. व्यायाम करून घेणारा दवाखाना नेमका रस्त्यापलीकडे. एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाला थांबतही नाही. डॉक्टर सांगून थकले की चालला नाहीत तर पाय असाच राहणार, पण शैलाबाई खाली उतरायलाच तयार नव्हत्या.

"सिग्नलची वेळ वाढू दे, मी नेते तुला हाताला धरून," सुभद्राबाईंनी शब्द दिला होता. त्या शब्दापायी त्यांच्या मुलाने, गौतमने, महापालिकेला पाच अर्ज लिहिले. पाचव्याला उत्तर आलं. मंगळवारी सकाळी इंजिनियर येणार, वेळ मोजणार.

"आई, रोज चालतेस तशीच चाल," गौतमने बजावलं.

"आता चालायला तू शिकव मला."

इंजिनियर म्हणजे मृणालिनी नावाची तिशीची मुलगी निघाली. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल आणि वही. चाळीतली पंधरावीस माणसं जमली होती. सुभद्राबाई पांढरी साडी नेसून कडेला उभ्या. दिवा हिरवा झाला आणि मृणालिनीने अगदी आदराने म्हटलं, "चला मावशी."

आणि मावशी निघाल्या. पदर खोचलेला, मान खाली, गुडघ्यांची तक्रार जणू दुसऱ्या कुणाची. पलीकडच्या फुटपाथवर पोचून वळल्या तर इकडे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"तेरा सेकंद," मृणालिनी म्हणाली. "वेळ पुरतेय की."

गौतमने कपाळाला हात लावला.

पुढच्या सिग्नलला त्या परत आल्या तेव्हा धाप लागली होती. "मॅडम, परत मोजा. मी रोज अशी नाही चालत."

परत मोजलं. पंचवीस. त्या पुन्हा अलीकडे आल्या.

"मावशी, आता तुम्ही मुद्दाम हळू चाललात."

"मगाशी मुद्दाम जोरात चालले."

"यातलं मी खरं कुठलं लिहू?" मृणालिनीच्या आवाजात राग नव्हता. सकाळपासूनचा हा तिचा तिसरा चौक होता. "बाराला मला पुढे जायचंय."

"थांबा जरा," म्हणत सुभद्राबाई वळल्या. चाळीत शिरल्या आणि कठड्याला धरून तीन जिने चढल्या. शैलाबाई खिडकीतच बसल्या होत्या.

"तू पळालंस गो. माका हयसून दिसला."

"ती म्हणाली, चला मावशी."

शैलाबाई हसल्या नाहीत. हॉस्पिटलातल्या त्या हाकेबद्दल इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. "मग आता?"

"आता मी खोटी पडले. तुला कोण खोटं म्हणणार?"

"म्हणजे मोडको पाय दाखवूचो लोकांका?"

"दाखवायचा."

"आणि परत पडलंय तर?"

"तर मी पण पडेन. दोघी एका खाटेवर."

शैलाबाईंनी खाली चौकाकडे पाहिलं. "साडी बदलू?"

"नको. बाराला जाणार आहे ती."

तीन जिने उतरायला सतरा मिनिटं लागली. मृणालिनी थांबली होती, पण घड्याळाकडे बघत. शैलाबाईंचा वॉकर फुटपाथवरून रस्त्यावर टेकला, दिवा हिरवा झाला. या वेळी 'चला' कुणी म्हणालं नाही.

वॉकर, पाय, पाय. पुन्हा वॉकर. डिव्हायडर यायच्या आधीच दिवा लाल झाला. टॅक्सी, टेम्पो, स्कूटर सगळे एकदम भोंगे वाजवायला लागले. शैलाबाई जागच्या जागी थिजल्या.

"तेव्हा हयच पडलंय मी."

"माहीत आहे. पुढचं पाऊल टाक."

सुभद्राबाईंनी गाड्यांकडे तळहात धरला. एक टॅक्सीवाला खिडकीतून ओरडला, "ओ मावशी, चला ना पटकन."

पाय शिवशिवले. त्यांनी बोटं चपलेत रुतवली आणि शैलाबाईंच्या वॉकरच्या चालीने चालत राहिल्या.

मृणालिनी त्यांच्या मागोमाग पलीकडे आली. "चौतीस," ती म्हणाली आणि लिहिलं. मग पेन थांबलं. "मावशी, खरं सांगते. चौतीस सेकंद वरचे साहेब मंजूर करणार नाहीत. बाकीच्या गाड्या तुंबतात. बावीसपर्यंत मी खेचू शकेन."

गौतम काही बोलायला गेला. आईने त्याला हातानेच थांबवलं.

"बावीसमध्ये आम्ही मधोमध येतो," त्या म्हणाल्या. "मग डिव्हायडर तिथे रुंद करा. दोन बायका आणि हा वॉकर उभा राहील एवढा. उरलेला रस्ता दुसऱ्या दिव्याला ओलांडू. तेवढं लिहा."

मृणालिनीने डिव्हायडरकडे पाहिलं. हातभर रुंदीचा, वर तुटका कठडा. तिने वहीत त्याचं चित्र काढलं, बाजूला माप लिहिलं. "किती दिवस लागतील ते विचारू नका."

"नाही विचारत."

ती गेली. दवाखान्याच्या पायरीवर दोघी टेकल्या. आत शैलाबाईंचा नंबर अकरावा होता.

"आणि परत जावचा कसा गो?" शैलाबाईंनी विचारलं.

सुभद्राबाई गुडघे चोळत होत्या. समोर हिरवा माणूस पेटला, चौदा सेकंदांनी विझला.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "आधी व्यायाम करून घे."