एका फोटोतलं कुसळ

कारखान्यात तिला सगळे 'डॉक्टर' म्हणत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोघांनी तिला आपले गुडघे दाखवले. "मी ताऱ्यांची डॉक्टर आहे," ती म्हणाली, तेव्हा पॅकिंगमधला एक जण म्हणाला, "मग बरोबर जागी आलात. इथे आठ तास उभं राहिलं की दिवसा तारे दिसतात."

त्याला पाच महिने झाले. इंजेक्शनच्या औषधाचा हा कारखाना, आणि ती इथे तात्पुरती. पीएचडीनंतर दोन-दोन वर्षांच्या दोन नेमणुका परक्या शहरांत झाल्या, तिसरी मिळेना. बरोबरच्यांपैकी एक बँकेत गेला, एक हवामान खात्यात, एक शाळेत गणित शिकवते. दुर्बिणीपाशी एकच उरला, आणि तोही अधूनमधून फोन करून विचारतो, तुमच्याकडे जागा निघणार आहे का.

आणि आता पीएचडीच्या सरांची मेल आली होती. डोंगरावरची वेधशाळा, दोन वर्षं, हो की नाही ते शुक्रवारी पाचच्या आत कळव. आज शुक्रवार.

"पाठवलंस का उत्तर?" सकाळी आईने विचारलं.

"आज पाठवते."

"काय पाठवणार?"

"बघते."

"बघते बघते करत पस्तिशी आली. काल तुझी बॅग पलंगाखालून काढून झाडली. आत अजून मागच्या गावचा टॉवेल आहे."

"राहू दे तो."

"राहिलाच आहे. माणसाने कुठेतरी टॉवेल वाळत घालावा, एवढंच माझं म्हणणं."

ती चहा अर्धा टाकून निघाली. बस यायला वेळ होता म्हणून एक थांबा चालत गेली, मग आणखी एक, आणि बस मागून येऊन तिला ओलांडून गेली.

तिचं काम कुप्या तपासणाऱ्या यंत्राचं होतं. यंत्र कुपी गरकन फिरवून थांबवायचं आणि सात फोटो काढायचं. काच थांबते, आतलं औषध फिरत राहतं. जे फोटोत जागचं हलत नाही तो काचेवरचा ओरखडा, हलतं तो आतला कचरा. त्यात तिने स्वतःचा एक नियम घातला होता: सातांपैकी एकाच फोटोत दिसलेला ठिपका मोजायचा नाही. आकाशाच्या फोटोंत असा ठिपका तारा नसतो. वाट चुकलेला कसलातरी कण कॅमेऱ्यावर आपटलेला असतो. वेधशाळांमधून तिने असे हजारो ठिपके गाळले होते, त्यामुळे हा नियम हाताने आपसूक लिहिला. बाद होणाऱ्या कुप्या निम्म्यावर आल्या. साहेब खूश.

दुपारी मावशी तिच्या टेबलाशी आल्या. बावीस वर्षं त्या काळ्या-पांढऱ्या फळीसमोर कुप्या डोळ्यांनी तपासत होत्या. यंत्र आल्यावर त्यांच्या जोडीच्या तिघी पॅकिंगला गेल्या. यंत्राने पास केलेल्या मूठभर कुप्या पुन्हा बघायला मावशी तेवढ्या राहिल्या.

"ही तुमच्या यंत्राची पास. बघा."

तिने उजेडात धरली. "काही नाही, मावशी."

"नुसती धरून काय दिसणार? गरकन फिरवा, थांबवा आणि बघत राहा. पापणी हलवू नका."

तिसऱ्या खेपेला काहीतरी चमकलं आणि विझलं.

"कुसळ आहे काचेचं," मावशी म्हणाल्या. "चपटं असतं. तोंड उजेडाकडे झालं तर दिसतं, नाहीतर गेलं."

"यंत्र सात फोटो काढतं हो."

"काढत असेल. सातांत एकदा चमकलं असेल. एकदा चमकलं म्हणून काय खोटं झालं?"

तिने फोटो उघडले. चौथ्यात ठिपका होता, लख्ख, आणि त्याच्यापुढे तिच्याच नियमाचा शेरा: दुर्लक्ष.

तिला खुर्चीत बसवेना. याच नियमातून गेलेल्या अठरा हजार कुप्या गोदामात होत्या, उद्या सकाळी गाडी भरणार होती. आणि आकाशातले ते हजारो? त्यांत एखादं खरंच एकदा चमकून गेलं असलं तर? पाण्याच्या पिंपापर्यंत जाऊन ती पाणी न पिताच परत आली. डोंगरावर जावं, जुने फोटो पुन्हा काढून बसावं. उत्तराच्या खिडकीत तिने 'हो' लिहिलंही. मग ते पुसून विचारलं, 'सर, आपण गाळलेले ठिपके कुठे ठेवलेत?'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मूळ फोटो जागेअभावी केव्हाच पुसले. गाळून राहिलेले आहेत. का? येते आहेस ना?'

साहेब केबिनमध्ये डबा धुऊन पुसत होते.

"उद्याची गाडी थांबवा," ती म्हणाली. "मी अकलेचे तारे तोडलेत." मग तिने सगळं सांगितलं.

साहेबांनी डबा खाली ठेवला. "अठरा हजार?"

"सगळ्यांचे फोटो आहेत, कुठल्या ट्रेमधली ते आहे. आणि कुप्याही आहेत. एकदाच चमकलेल्या वेगळ्या काढते. मावशींना पॅकिंगला पाठवू नका, त्या माझ्याबरोबर लागतील. तीन आठवडे धरा."

"आणि तुम्ही? तुम्ही चाललात असं ऐकतोय."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती.

"ऐकलंत ते दुपारपर्यंत बरोबर होतं," ती म्हणाली.

टेबलाशी येऊन तिने 'नाही' लिहिलं. खाली कारण लिहायला घेतलं, तीन ओळी झाल्या, त्या काढून टाकल्या आणि तशीच मेल पाठवली. वाटलं होतं, आत काहीतरी खाली बसेल. तसं काही झालं नाही. उलट, डोंगर आता कुठे स्पष्ट दिसायला लागला, त्यावरचा पांढरा घुमटसुद्धा.

मावशींनी गोदामातला पहिला ट्रे आणून फळीसमोर ठेवला आणि शेजारचं स्टूल पुढे ओढलं. तिने कुपी उचलली, फिरवली, थांबवली.

"उत्तर दिलंत?"

"दिलं."

"मग पाय का हलवताय?"

"सवय आहे."

"आवरा ती. टेबल हलतंय. असंच चाललं तर प्रत्येक कुपीत कुसळ दिसेल मला."