डबा वाजवून घेतलेला इयरफोन

भाऊंनी इयरफोनचं बोंड उजव्या कानात खुपसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वाजव गा!" मग मी स्टीलच्या डब्यावर चमचा बडवायचा. बर्डीच्या बाजारात, फुटपाथवरच्या रेडिओच्या दुकानापुढे, रविवारच्या गर्दीत. तुम्ही तेव्हा व्हरायटी चौकातून गेला असाल, तर आम्हा दोन वेड्यांना पाहिलंही असेल.

वेडे नव्हतो आम्ही. मिलच्या लूम खात्यात शेजारी-शेजारी माग चालवत होतो. सगळे माग एकदम सुरू झाले की तिथे स्वतःचा खोकला ऐकू येत नसे. ओठ वाचून, हातवारे करून बोलायचं. अशा खात्यात क्रिकेटची कॉमेंट्री पोहोचवणारे भाऊ एकटे. सगळे त्यांना भाऊच म्हणत. खिशात छोटा ट्रान्झिस्टर, कानात इयरफोन. भाऊंचा हात आडवा हलला की चौकार, दोन्ही हात वर गेले की छक्का. आमच्यावर देखरेख करणारा जॉबरसुद्धा रागवायच्या आधी ओठांनी विचारायचा, "किती झाले?" भाऊंना दुसरा मान कुठे नव्हता. घरात नाही, युनियनमध्ये नाही. हा होता.

म्हणून इयरफोन डब्याच्या गोंगाटात पारखून घ्यायचा. "दुकानात तं कोणताही वाजते. खात्यात वाजला पाह्यजे," ते म्हणायचे. माल स्वस्तातला. एखाद्यात माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा, एखाद्यात नुसती सुरसुर, एखाद्याची वायर जरा वाकली की बोलणारा गडप. भाऊ एकेक घालून बघत आणि परत करत. "दम नाही याच्यात."

पुढे पुढे कशातच दम निघेना. दुकानदार वैतागला. "चाचा, इयरफोन टेस्ट कर रहे हो या मेरा सबर?"

मला राग आला. मी चौथी शिकलेला माणूस, पण डबा वाजवण्यात माझी कसर नव्हती. भाऊंनी परत केलेला इयरफोन मी स्वतःच्या कानात घातला आणि डबा दुकानदाराच्या हातात दिला. "बजाव!" त्याने असा बडवला की शेजारचा केळेवाला ओरडला. आणि माझ्या कानात बातम्या सांगणारी बाई एकेक शब्द स्वच्छ बोलत होती. मध्येच घेतलेला श्वाससुद्धा कळत होता.

दुसरा घातला. तोही तसाच.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंडाकडे नाही, ओठांकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथे सगळेच ओठ वाचतात, तिथे कोणाचा कान गेला हे कळणार कसं?

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"दम नाही, भाऊ."

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. तरी भाऊंनी एक घेतलाच. टेस्ट मॅच तोंडावर आली होती.

मॅचच्या दिवशी भाऊ नेहमीसारखे डोळे मिटून उभे. हात मात्र खालीच. सगळं खातं त्यांच्याकडे बघत होतं. खोटा चौकार दाखवून वेळ मारून नेता आली असती, पण भाऊ तसे नव्हते. त्यांनी इयरफोन काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. पलीकडून एकाने ओठ हलवले, "झोपले काय भाऊ?" खातं हसलं. तिथे हसणं ऐकू येत नाही, दात दिसतात.

माझा माग मागच्या दाराला लागून. बाहेर कँटीनचा रेडिओ चालू होता. डोकं बाहेर काढलं की ऐकू यायचा. चौकार गेला. मी भाऊंचा सदरा ओढला आणि मागाच्या आड, कमरेखाली, हात आडवा हलवला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. वाटलं, हा माणूस आता जन्मात माझ्याशी बोलत नाही. मग त्यांनी कानातलं बोंड नीट दाबलं, हात उंच केला आणि आडवा हलवत सगळ्या खात्याला चौकार दाखवला.

डोळे मिटून ऐकायची त्यांची सवय त्या दिवशी सुटली.

संध्याकाळी सायकली काढताना मीच म्हणालो, "इयरफोन चांगला निघाला, भाऊ."

"मंग! पारखून घेतला ना," ते माझ्या ओठांवरची नजर न काढता म्हणाले. "डबा चांगला वाजवतं गा तू."

रिटायर होईस्तोवर कॉमेंट्री त्यांचीच राहिली. नंतर ते पोरीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले.

आता घरी टी.व्ही. आहे. चौकार गेलेला सगळ्यांना दिसतो. तरी माझा हात खुर्चीच्या आड, खालच्या खाली आडवा हलतो. सून विचारते, "बाबा, कोणाले दाखवून राहिले?"

"तू मॅच पाय," मी म्हणतो आणि टी.व्ही.चा आवाज आणखी बारीक करतो.