संमतिपत्रावरची माझी सही

आमच्या घरात सही करायची ती मीच. गॅसचा अर्ज, लेकीचं प्रगतिपुस्तक, सोसायटीच्या तक्रारी, सगळीकडे माझी लफ्फेदार सही, खाली दोन टिंबं. त्यामुळे विद्यापीठातून आलेल्या त्या मुलीनं टीपॉयवर कागद ठेवला, तेव्हा न वाचताच मी सही ठोकून मोकळा झालो.

"काका, हे काकूंचं संमतिपत्र होतं."

"मग? माझी संमती आहे की!"

तिनं बॅगेतून दुसरा कोरा कागद काढला आणि तो बायकोपुढे ठेवला. माझी सही चार तुकडे होऊन त्या मुलीच्याच बॅगेत गेली. जन्म पुण्यात गेला, पण इतक्या कमी शब्दांत अपमान करून घ्यायचा योग पहिलाच.

तिच्या अभ्यासाचा विषय होता, नवऱ्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर नोकरीला लागलेल्या बायका. आमचा कारखाना मला घरी पाठवून मोकळा झाला होता आणि बायको बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटा एन्ट्री करत होती. दीड वर्ष झालं होतं.

मुलीनं कागद वाचून दाखवला. नाव बदलून लिहू. नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, कारण सांगायची गरज नाही. टेप कुणाला ऐकवणार नाही.

"यांनाही नाही?" बायकोनं विचारलं.

"काकांनाही नाही."

"मग चालेल."

मी कागदावरही जळलो, खोटं कशाला बोलू. 'स्वेच्छेने' असं लिहिलेल्या कागदावर मीही सही केली होती. केबिनमध्ये, दोन साहेब घड्याळ बघत उभे असताना. मध्येच उठलात तरी चालेल, असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

मग दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.

मला धास्ती एकाच गोष्टीची होती. नोकरी सुटल्यावर पहिला महिनाभर मी रोज सकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचो. बस यायची, ओळखीचे चढायचे, बस जायची. घरी सांगायचो, दूध आणायला गेलो होतो. आणि पुरावा म्हणून एक पिशवी आणायचो. दूधवाला रोज दारात दूध टाकत असताना. बायको एका शब्दानं बोलली नाही. घरात नुसतं दही साठत गेलं.

हे ती त्या पोरीला सांगणार?

ऐकू यावं म्हणून मी हॉलमधला पंखा बंद केला. घाम आला, शब्द आला नाही. चहा करून दार वाजवलं. मुलीनं टेप थांबवला, फटीतून ट्रे घेतला, "थँक्यू काका" म्हणाली आणि दार पुन्हा लागलं.

आणि मग बायको हसली. खळखळून, श्वास लागेपर्यंत. लग्नानंतर दोन-तीन वर्षं हे हसणं माझ्या वाट्याचं होतं. आता ते एका परक्या पोरीनं दीड तासात काढून दाखवलं होतं, आणि मी बाहेर रिकाम्या गाळणीसारखा उभा!

मुलगी निघाली तेव्हा मी म्हटलं, "माझीही घ्या की मुलाखत."

"तुम्ही आमच्या नमुन्यात बसत नाही, काका."

ती गेली. बायको कणीक मळायला बसली.

"काय काय सांगितलंस?"

"माझं."

"आणि माझं?"

"तिनं विचारलं, सुरुवातीला यांनी दिवस कसे काढले? म्हटलं, ते त्यांचं आहे, त्यांना विचारा. मी सही केलीय ती माझ्यापुरती."

मला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जळणारा माणूस थांबतो होय?

"मग हसलीस कशाला एवढी?"

तिनं कणकेला पाण्याचा हात लावला.

"अहो, सही करण्याआधी कागद वाचला असतात तर कळलं असतं. नको त्या प्रश्नाला उत्तर द्यायची सक्ती नाही."